कपाटातली खेळणी

ते काचेचं कपाट आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. पुण्याबाहेरच्या एका श्वान-शेल्टरच्या ऑफिसात ते आहे. आत रबराची हाडं, दोरीचे गोफ, खाऊ भरायची लाल पोकळ खेळणी, सगळं वेष्टनासकट. एका कंपनीच्या लोकांनी सीएसआरच्या दिवशी आणून दिलेलं. फोटो झाले, चहा-समोसे झाले, त्यांची बस फाटकाबाहेर वळली आणि मॅनेजरांनी सगळं कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. "महागाची आहेत हो ताई. ही फाडून टाकतील." फाडण्यासाठीच असतात ती, पण हे कोणाला सांगायचं? कपाटामागच्या भिंतीपलीकडे कुत्री पिंजऱ्यात स्वतःभोवती गोल गोल फिरत होती.

मी तिथे कशी पोचले हे सांगण्यात अर्थ नाही. भाचीनं नेलं, ती बंगलोरला गेली, मी राहिले. नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करायची, लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि त्याला उचललं तिथेच परत सोडायचं. त्यामुळे शेल्टरमध्ये उरतात ती गाडीखाली आलेली, आंधळी, म्हातारी, आणि बदली झाली म्हणून मालकानं रात्री फाटकाला बांधून ठेवलेली.

खंड्या या शेवटच्या जातीतला. काळाभोर, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. काळ्या कुत्र्याला शनिवारी बिस्किटं घालायला गाड्या थांबवून उतरणारी माणसं मी नेहमी बघते. घरात न्यायचा म्हटलं की मात्र त्यांना पांढरा, झुपकेदार शेपटीचा, "थोडासा लॅबसारखा" हवा असतो. त्यात खंड्याचा आवाज मोठा. कोणी पिंजऱ्यासमोर आलं की तो जाळीवर उभा राहायचा, भुंकायचा, लाळ उडवायचा. लोक एक पाऊल मागे सरकायचे आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जायचे. तो रागीट नव्हता. दिवसभर सिमेंटची भिंत बघणाऱ्याला माणूस दिसला की जे व्हायचं ते होत होतं.

अमेरिकेतल्या एका शेल्टरमध्ये प्रोटोपोपोव्हा आणि विन या दोघांनी केलेला अभ्यास २०१४ साली छापून आला. घ्यायला आलेला माणूस आणि कुत्रा यांची भेट सरासरी आठेक मिनिटं चालते, आणि जो कुत्रा माणसाजवळ येऊन पडतो, माणसानं खेळायला बोलावलं तर दुर्लक्ष करत नाही, त्याला घर मिळण्याची शक्यता जास्त. भाचीनं पाठवलेला तो अभ्यास वाचून मला आपले कांदेपोहेच आठवले. आठ मिनिटांत चालून दाखवा, बसून दाखवा, आवाज चढवू नका. माझा या सगळ्याला विरोध होता. माणसांना आवडावं म्हणून खंड्यानं का बदलायचं, माणसांनी बदलावं की! दोन दिवस मी भाचीशी फोनवर तावातावानं भांडले. तिसऱ्या दिवशी अंडेवाल्याकडून रिकामे ट्रे मागून आणले.

कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. किल्ली मॅनेजरांच्या खिशात होती. ट्रेच्या खोबणीत दाण्यांचं खाणं टाकायचं, वर दुसरा ट्रे दाबायचा. दह्याच्या डब्यात कोंबडीचं पाणी गोठवायचं. (त्यात कांदा-लसूण नको, कुत्र्यांना तो विषासारखा असतो. घरचा उरलेला रस्सा प्रेमानं आणून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यांत खाऊ गुंडाळून गाठी मारायच्या. कधी ताटली बाजूलाच ठेवून दाणे गवतात उधळायचे. जे खाणं खंड्या एरवी मिनिटभरात गिळायचा, ते शोधायला त्याला अर्धा तास लागायला लागला. नाक जमिनीला, कान मागे, श्वासाचा सूं-सूं आवाज, आणि मधेच पुठ्ठा फाटल्याचा. शोधून झालं की तो चक्क झोपायचा, दुपारी, गोणपाटावर, कुशीवर.

भुंकण्यावरचा उपाय मामांचा. मामा म्हणजे पिंजरे धुणारे. प्रत्येक जाळीला त्यांनी दाण्यांचा एकेक डबा टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं, मग तो डॉक्टर असो की दूधवाला, कुत्रा गप्प आणि चारही पाय खाली असेल तेव्हा एक दाणा आत टाकायचा. भुंकत असेल तर ओरडायचं नाही, नुसतं थांबायचं. हे मामांना कोणी शिकवलं नव्हतं. परदेशातल्या शेल्टरमध्येही असंच करतात हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बरोबरच असंल."

आणि या माणसाच्या बाबतीत काय झालं ते ऐका. पंधरा ऑगस्टला ट्रस्टी मॅडम झेंडावंदनाला आल्या आणि हुकूम निघाला, आज कपाट उघडा. उघडलं. रजिस्टरात नोंद करून खेळणी वाटली, पुन्हा फोटो झाले, आणि जेमतेम दहा मिनिटांत ती कुत्र्यांच्या तोंडातून ओढून काढून, डेटॉलच्या पाण्यात धुऊन, मोजून परत. तोंडातली वस्तू अशी हिसकावली की पुढच्या वेळी कुत्रा ती राखायला लागतो, गुरगुरतो. आणि गुरगुरला की कार्डावर शेरा पडतो, "आक्रमक". मोजताना एक हाड कमी भरलं. मॅनेजरांनी मामांना सगळ्यांसमोर विचारलं, "घरी नेलंत का नातवाला?"

रबराचं हाड. कुत्र्याचं. नातवाला.

मामा काही बोलले नाहीत. मी बोलले, बरंच बोलले, पैसे भरते म्हणाले. त्यावर "प्रश्न पैशांचा नाही, शिस्तीचा आहे" हे ऐकून घेतलं. हाड दुसऱ्या दिवशी खंड्याच्या गोणपाटाखाली सापडलं, त्यावर दातांची बारीक नक्षी उमटलेली. मॅनेजरांना मी ते नेऊन दाखवलं. "बघा, म्हटलं नव्हतं फाडतात म्हणून?" असं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं. मामांची माफी कोणी मागितली नाही. आज इतके दिवस झाले, तरी मागितलेली नाही.

त्यातच ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून शेल्टरमध्ये ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत. कुत्री चावलेल्या मुलांच्या आईबापांशी वाद घालण्याची माझी हिंमत नाही. पण शेल्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं कोण जाणे. बांधकामाला पैसे निघतील, जाळ्या बसतील. दाणे उधळायला माणूस कोण नेमणार? टेंडरमध्ये अंड्यांचे ट्रे कोणत्या रकान्यात बसतात?

दरम्यान खंड्याला एक रात्र माझ्या घरी आणावं असंही भाचीनं सुचवलं. अमेरिकेत गंटर आणि तिच्या सहकाऱ्यांनी शेल्टरच्या कुत्र्यांना एक-दोन रात्री घरी पाठवून पाहिलं, तेव्हा त्यांच्यातलं ताणाचं संप्रेरक घटलं होतं आणि ती शांत पडून राहिली होती. शेल्टरमध्ये परतल्यावर ते पुन्हा पूर्वीइतकं झालं. मला तर ही क्रूर चेष्टा वाटली. घर दाखवायचं आणि परत कोंडायचं? तरी आणला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तो जो पसरला तो सकाळी दूध येईपर्यंत. मग मधूनमधून आणतच राहिले.

त्याला शेवटी नेलं ते सासवडकडच्या एका अंजीरवाल्या शेतकऱ्यानं. त्याला राखणीला कुत्रा हवा होता आणि नेमका तसलाच माणूस मला नको होता. आम्ही आठ मिनिटांच्या परीक्षेची तयारी केलेली. खंड्या शहाण्यासारखा चालत आला, बसला, शेतकऱ्याच्या चपलेवर हनुवटी टेकून पडला. तो वाकून बघत राहिला.

"ओ ताई, हा भुंकत का नाही? मुका हाय का?"

मामा तोंड फिरवून हसले. मी फॉर्मवर लिहून घेतलं की साखळीनं बांधणार नाही, आत निवारा देईन. तरी मनातून द्यायचा नव्हताच. मामा म्हणाले, "जाऊ द्या ताई, हितं काय ठेवलंय त्याला." आणि मी सही केली.

पंधरवड्यानं फोन केला. रात्री रानडुकरांवर भुंकतो म्हणे, पार ओढ्यापर्यंत आवाज जातो. दिवसा मात्र बांधतात, "कामाला बाया येत्यात, त्या भितात." मी चिडले. त्यानं ऐकून घेतलं, आणि सांगितलं की दुपारची भाकरी ताटलीत घातली तर तो खात नाही, तुकडे बांधावरच्या गवतात फेकावे लागतात, म्हणून दोरी सोडावीच लागते. मग म्हणाला, तसला आणखी एक आहे का, भावाच्या मळ्याला पाहिजे, पण जरा आधीपासून भुंकणारा.

मी अजून हो म्हटलेलं नाही. येत्या रविवारी मामांना घेऊन आधी ती दोरी केवढी लांब आहे ते बघून येणार आहे.