अण्णांचे डोळे आणि झेरॉक्सची झेरॉक्स

ताईचं लग्न २००१ सालचं. त्याच्या तीन व्हीसीडी आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. गेल्या दिवाळीत घरी गेलो तर आईची तक्रार, "अरे, हा प्लेयर लग्नाची सीडी घेतच नाही." पिक्चरच्या डीव्हीडी मात्र व्यवस्थित चालत होत्या. हे होतं. सीडी वाचायचा लेझर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा. एक थकला, दुसरा ठणठणीत.

म्हटलं, हात्तिच्या! डीव्हीडी करून देतो. इंजिनियर मुलगा कधीतरी कामाला यावा ना.

लॅपटॉपला ड्राइव्ह जोडला, फायली उतरवल्या, एका 'क्लिक करा आणि विसरा' छापाच्या कन्व्हर्टरमध्ये टाकल्या. 'चित्र सुधारा' असा एक चौकोन होता, त्यावर टिचकी मारली. फुकट मिळतंय तर का सोडा? दोन जीबीच्या आतला माल फुगून चार जीबीच्या वर गेला. मी खूश.

आई बघायला बसली. ताईच्या पाठवणीच्या वेळी अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून उभे आहेत. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर सात-आठ सेकंद थांबतो आणि पुढे जातो. अण्णांचं हलतं चित्र आमच्याकडे एवढंच. आई पुढे वाकली आणि म्हणाली, "अरे, ह्यांचे डोळे कुठे गेले?"

खरंच नव्हते. भिजलेल्या शाईसारखे दोन डाग. सॉफ्टवेअरला अण्णांचे पाणावलेले डोळे म्हणजे नको असलेला कचरा वाटला होता, आणि त्याने तो पुसला होता. 'सुधारा' मीच म्हटलं होतं, दोष कुणाला देणार?

रात्री झोप येईना, तेव्हा जरा डोकं लावलं. (हे आधी करायला हवं होतं, मान्य.) व्हिडिओ पुन्हा एन्कोड करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. व्हीसीडीने आधीच चित्र पिळून सेकंदाला ११५० किलोबिटमध्ये बसवलेलं. ते उलगडून पुन्हा पिळलं की उरलेल्यातलं आणखी थोडं जातं. फाईल मोठी झाली म्हणून गेलेलं परत येत नाही. मोठ्या पातेल्यात ओतल्याने आमटी वाढते का?

आणि गंमत म्हणजे याची गरजच नव्हती! डीव्हीडी म्हणजे एमपेग-२ असं आपण धरून चालतो, पण डीव्हीडीच्या नियमांत एमपेग-१ सुद्धा बसतं, आणि ३५२ बाय २८८ हा व्हीसीडीचा पाल आकारही. म्हणजे चित्राला हात लावायचं कारणच नाही. अडतं ते फक्त आवाजाशी. व्हीसीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, डीव्हीडीला ४८ लागतो.

मग एफएफएमपेगला सांगितलं: चित्र 'कॉपी' कर, आवाज ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ कर, आणि पॅकिंग डीव्हीडीचं कर. तीन सीडींच्या तीन फायली. त्या डीव्हीडीऑथरला दिल्या, त्याने डीव्हीडीचा फोल्डर बांधून दिला. तीन सीडी, तीन टायटलं, चित्राचा एकही बिट न बदलता. चहा उकळायच्या आत सगळं तयार. डीव्हीडी जाळायलाच जास्त वेळ लागला.

प्रत्येक वेळी हे जमणार नाही. मोबाईलवरचा एच-२६४ व्हिडिओ डीव्हीडीच्या नियमांत बसतच नाही, तिथे एन्कोड करावंच लागतं. पण मग एकदाच करा आणि मूळ फाईलवरून करा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीवरून नको. आणि सुरुवात करण्याआधी आत काय आहे ते बघा. कोडेक, आकार, आवाजाचा सॅम्पल रेट. जे नियमात बसतंय ते तसंच राहू द्या.

सकाळी आईला नवी डीव्हीडी लावून दिली. चित्र तेच, २००१ चं, चौकोनी ठिपक्यांचं, जरासं धुरकट. मांडव आला, खांब आला, अण्णा आले. आई काही बोलली नाही. रिमोट घेऊन तिने तेवढंच मागे नेलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "हां. आहेत."

असो. व्हीसीडी मी फेकल्या नाहीत. पुन्हा साड्यांखाली ठेवल्यात. मूळ प्रत ती मूळ प्रत.