टोकदार शिरस्त्राणे आणि त्यांच्या आत लिहिलेली नावे

जुन्या जर्मन लष्करी शिरस्त्राणांचा संग्रह कसा सुरू करावा, असा प्रश्न अनेक तरुण वाचकांनी विचारला आहे. उत्तर दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून हा धागा. लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

मी व्यापारी नाही आणि तज्ज्ञही नाही. नोकरीनिमित्त बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे सहा वर्षे वास्तव्य आहे, आणि याच शहरात बव्हेरियन लष्करी संग्रहालय आहे, एवढाच माझा अधिकार. पहिल्या महायुद्धाचे दालन डॅन्यूबच्या काठावरील एका जुन्या तटबंदीच्या वास्तूत आहे. पहिले दीड वर्ष मी तेथे केवळ पाहत असे. विकत काहीच घेतले नाही. नवशिक्याला माझा पहिला सल्ला हाच राहील. पैसा खर्चण्यापूर्वी डोळा तयार करावा. आज माझ्या कपाटात चार शिरस्त्राणे आहेत आणि पाचव्याची घाई नाही.

‘पिकेलहाउब’ हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. माथ्यावर टोक असलेले, बिस्मार्कच्या छायाचित्रांत दिसणारे ते शिरस्त्राण. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८४२ मध्ये ते आपल्या सैन्यात आणले. पुष्कळांची समजूत अशी की ते पोलादी असते. वास्तविक सामान्य पायदळ सैनिकाचे पिकेलहाउब कडक केलेल्या चामड्याचे असे. वर काळे चकचकीत रोगण, आणि टोक, कडा व समोरचे चिन्ह पितळेचे. तलवारीच्या वारापुढे त्याचा थोडाफार उपयोग. तोफेच्या गोळ्याच्या तुकड्यापुढे काहीही नाही. तोफखान्याच्या शिरस्त्राणावर टोकाऐवजी गोळा असे, त्यामुळे माथा पाहताच शिपाई पायदळाचा की गोलंदाज, हे पुष्कळदा कळते.

समोरचे चिन्ह ही या वस्तूची जन्मपत्रिका. जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये एक झाले, तरी सैन्यात निरनिराळ्या राज्यांची ओळख टिकून होती. प्रशियाचा पंख पसरलेला गरुड, बाडेनचा ग्रिफिन, हेसेनचा सिंह, सॅक्सनीचा तारा. बव्हेरियाच्या चिन्हात दोन सिंह ढाल धरून उभे असतात आणि खाली ‘निष्ठेत अढळ’ या अर्थाचे ब्रीद असते. बव्हेरियाने हे शिरस्त्राण स्वीकारले तेच मुळी १८८६ मध्ये. तोवर त्यांच्या डोक्यावर अस्वलाच्या केसांच्या तुऱ्यासारखे दिसणारे निराळेच शिरस्त्राण होते आणि ते सोडताना तेथील लोकांना वाईट वाटले, असे म्हणतात. १८९७ पासून दोन्ही बाजूंना रंगीत चकत्या आल्या : उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-लाल, डावीकडे त्या त्या राज्याची.

आता कामाचे. पिकेलहाउब हाती आले की बाहेरून पाहण्याआधी आत पाहावे. चिन्हाच्या मागे बसवलेल्या कड्या चामड्यातील दोन छिद्रांतून आत येतात आणि पाचरीने अडकवलेल्या असतात. आतल्या बाजूस दोनाऐवजी चार छिद्रे दिसली, तर चिन्ह कधीतरी बदलले गेले आहे. साधा प्रशियन गरुड काढून त्या जागी दुर्मीळ राज्याचे चिन्ह बसवले की किंमत कित्येक पटींनी वाढते. ही युक्ती शंभर वर्षे जुनी आहे. अधिकाऱ्याचे म्हणून विकले जात असेल तर पाळीची खालची बाजू पाहावी : पुढची हिरवी, मागची तांबडी. पाळीची शिवण, आतील ठसे, घामाने काळवंडलेले अस्तर, हे सारे परस्परांशी जुळते का, ते तपासावे. अस्तर जीर्ण आणि चिन्ह मात्र नव्यासारखे लखलखीत, असे दिसले तर वस्तू खाली ठेवून चहा घ्यायला जावे.

एक दुसरा प्रकारही असतो, तो बनावट नव्हे. १९१९ मध्ये अमेरिकेने युद्धकर्ज उभारताना न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर हस्तगत केलेल्या हजारो पिकेलहाउबांचा मनोरा रचला होता. गोदामात सापडलेली, कोणाच्याही डोक्यावर न चढलेली अशी शिरस्त्राणे त्या काळात मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली. ती अस्सल आहेत आणि कोरीही आहेत.

युद्ध सुरू झाल्यावर चामड्याची टंचाई झाली. ब्रिटिश नाकेबंदीने दक्षिण अमेरिकेतून येणारी कातडी थांबली. मग नमदा, पातळ पत्रा, दाबलेला लगदा, जे मिळेल त्यातून शिरस्त्राणे घडू लागली. १९१५ च्या नमुन्यात पितळ जाऊन करडा धातू आला आणि टोक काढता येण्याजोगे झाले, कारण खंदकाच्या काठावरून ते टोकच आधी दिसे. ही बदली मालाची शिरस्त्राणे दिसायला ओबडधोबड, म्हणून संग्राहक त्यांच्याकडे पाठ फिरवतात. मला ती सर्वांत बोलकी वाटतात. एका साम्राज्याची कोंडी नमद्याच्या टोपीत हाताला लागते.

येथे महाराष्ट्राचा एक धागा जुळतो. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील न्यव्ह शापेल या गावावर ४७ व्या शीख पलटणीसोबत ज्यांनी हल्ला केला, त्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या तुकड्या होत्या. म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स. खंदक खणणे आणि पूल बांधणे हे ज्यांचे काम, ती माणसे त्या दिवशी संगिनी घेऊन गावाच्या गल्ल्यांत लढली आणि त्यांचे बहुतेक सर्व अधिकारी मारले गेले वा जखमी झाले. समोरच्या जर्मन शिपायांच्या डोक्यावर हेच चामड्याचे शिरस्त्राण होते, कापडी गवसणी चढवलेले. आपल्या लोकांच्या डोक्यावर फेटे आणि कापडी टोप्या. त्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना कोणाचेही डोके सुरक्षित नव्हते.

पोलादी शिरस्त्राण आले ते डोक्याला होणाऱ्या जखमांच्या अभ्यासातून. शल्यविशारद आउगुस्ट बिअर यांच्या ध्यानात आले की अगदी बारीक तुकडेही कवटीत शिरून प्राण घेतात. हानोव्हरच्या तंत्रविद्यालयातील प्राध्यापक फ्रीडरिश श्वेर्ड यांनी १९१५ मध्ये आराखडा केला आणि १९१६ च्या प्रारंभी व्हर्दनच्या आघाडीवर ते सैनिकांच्या डोक्यावर दिसू लागले. कान व मान झाकणारा तो आकार पुढे साऱ्या जगाच्या ओळखीचा झाला. दोन्ही बाजूंना शिंगांसारखे खुंट असतात. ते हवेसाठी, आणि कपाळावर अडकवायच्या जाड पोलादी ढालीसाठीही. ती ढाल दोन किलोंहून जड असल्याने पहारेकरी वगळता कोणी फारशी वापरली नाही. ढालीचे माप एकच आणि शिरस्त्राणांची मापे मात्र अनेक. म्हणून लहान शिरस्त्राणांच्या खुंटांना पायरी ठेवावी लागली. हे कळले की एक साधी परीक्षा हाती येते : आत ठोकलेला मापाचा आकडा आणि खुंटाची पायरी जुळायला हवी. त्याच ठशात कारखान्याची अक्षरेही असतात. ‘ईटी ६४’ म्हणजे थाले येथील लोखंड कारखाना, माप ६४.

नवशिक्याने कोठून आरंभ करावा? माझ्या मते १९१६ च्या नमुन्याच्या नुसत्या पोलादी कवचापासून. अस्तर नसले तरी चालेल. लाखोंच्या संख्येने बनल्यामुळे ते मिळते, तुलनेने स्वस्त पडते आणि वजन, रंग, गंज, ठसे हे सारे हाताला शिकवते. रंगीत ठिगळांची छलावरणे मात्र पहिल्या वर्षी टाळावीत. ७ जुलै १९१८ च्या आदेशाने हिरवा, पिवळसर आणि तांबूस तपकिरी असे कोनाकृती पट्टे काळ्या बोटभर रेषांनी विभागून रंगवायचे ठरले. युद्ध नोव्हेंबरात संपले. चार महिन्यांत जितकी रंगली नसतील, तितकी गेल्या चाळीस वर्षांत कोणाच्या तरी गॅरेजात रंगली आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या शिरस्त्राणांविषयी थोडक्यातच लिहितो. १९३५, १९४० आणि १९४२ असे तीन मुख्य नमुने. पहिल्या दोहोंची कड आत वळवलेली, १९४२ ची वळवलेली नाही. भूदलाच्या शिरस्त्राणावरील तिरंगी ढालीचे चिन्ह १९४० मध्येच बंद झाले. तेव्हा १९४२ च्या नमुन्यावर ते दिसले तर विक्रेत्याची कथा कितीही हृदयस्पर्शी असो, पाकीट खिशातच ठेवावे. स्पेनने असेच शिरस्त्राण बनवले होते. त्याच्या कपाळावरील पट्टी काढून जर्मन म्हणून खपवतात. आणि एसएसची चिन्हे असलेल्या वस्तू? बाजारात त्यांच्याइतके बनावट दुसरे काही नसेल. मी त्या घेत नाही, याचे कारण केवळ तेवढेच नाही. जर्मनीत दंडसंहितेचे कलम ८६ अ नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनास मनाई करते. संशोधन व अध्यापनाला सवलत आहे. मी ज्या गावात राहतो तेथे शेजारच्या आजोबांना माझे कपाट उघडून दाखवता यावे, अशी माझी अट आहे.

सुभाषबाबूंच्या जर्मनीतील लीजनचे सैनिकही जर्मन गणवेश घालीत; बाहीवर झेपावणारा वाघ असे. त्या वाघाचे चिन्ह लावलेले शिरस्त्राण भारतीय ग्राहकापुढे कोणी धरले, तर भावना आवरून कागद मागावा.

कागदांचे महत्त्व मला तिसऱ्या खरेदीत उमगले. जवळच्या एका खेड्यात एका वृद्ध गृहस्थांकडे १८९५ च्या नमुन्याचे बव्हेरियन पिकेलहाउब होते, त्यांच्या आजोबांच्या भावाचे. आत शाईने लिहिलेले नाव (येथे देत नाही), आणि सोबत सैनिकाची सेवापुस्तिका. घरात पुढे जपणारे कोणी नाही म्हणून ते विकायला निघाले होते. एका दलालाने शिरस्त्राणाला माझ्याहून अधिक रक्कम देऊ केली होती. पुस्तिका तो निराळ्या ग्राहकाला विकणार होता. दोन्ही एकत्र ठेवीन, एवढेच मी सांगितले. त्यांनी एक आठवडा घेतला आणि मला होकार कळवला.

त्या रात्री आईला व्हिडिओवर दाखवले. ती म्हणाली, “मेलेल्या माणसाची टोपी घरात कशाला रे?” मी म्हटले, तो मेला की जगला, हेच अजून ठाऊक नाही.

ते शोधणे मला शक्य झाले, कारण शिरस्त्राण बव्हेरियाचे होते. पोट्सडाम येथील सैन्य-अभिलेखागार एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि प्रशियन सैनिकांच्या नोंदी बहुतांशी त्यात गेल्या. बव्हेरियाचे युद्ध-अभिलेखागार म्युनिकला होते, ते वाचले. तेथील सैनिकपटांत शिपायाचा जन्म, धर्म, व्यवसाय, लढाया, जखमा, सारे ओळीने लिहिलेले असते. म्हणून एकच जुने पिकेलहाउब घेण्याची ऐपत असेल तर मी बव्हेरियाचे सुचवतो. प्रशियाच्या शिरस्त्राणातले नाव बहुधा नावापुरतेच उरते.

पटातली माझी ओळ सापडली. व्यवसाय शेतमजूर. १९१४ च्या शरद ऋतूत फ्लँडर्समध्ये डोक्याला जखम, इस्पितळ, पुन्हा आघाडी, १९१८ च्या डिसेंबरात घरी. शिरस्त्राणाच्या डाव्या बाजूला रोगण उडालेली एक खोलगट जागा आहे. ती त्याच जखमेची, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पुरावा नाही, म्हणून म्हणत नाही.

जपणुकीचे दोन शब्द. चामड्याला तेल लावू नये, पितळ घासून चमकवू नये, उन्हात वा हीटरजवळ ठेवू नये. कोरडे पडले की चामडे आकसते आणि पाळीची शिवण उसवते. आत आम्लविरहित कागदाचा बोळा भरून आकार सावरावा. माझ्या शिरस्त्राणाच्या आत त्या बोळ्याखाली एक चिठ्ठी आहे : एका बाजूस जर्मन, दुसऱ्या बाजूस मराठी. कोणाकडून, कधी, किती युरोंना घेतले, पुस्तिका कोणत्या खणात आहे आणि पटाचा क्रमांक काय, एवढेच तिच्यावर लिहिले आहे. आईने परवा विचारले, त्याचे पुढे लग्न झाले होते का? ते पटात नाही. गावच्या चर्चची नोंदवही पाहण्यासाठी पत्र पाठवले आहे.