वर्षावास संपताना सुई-दोरा

आश्विन लागला की नाशिकच्या वस्त्यांतील छपरांचा रंग बदलतो. पावसाळाभर काळवंडलेले पत्रे दिसेनासे होतात आणि त्यांवर गोधड्या, वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे वाळत पडतात. चार महिने दमट घरात राहिलेल्या अंथरुणाचा कुबट वास ऑक्टोबरच्या उन्हाशिवाय जात नाही. हे ऊन मोठे फसवे. दुपारी अंग भाजते आणि पहाटे पायाशी पडलेली गोधडी गळ्यापर्यंत ओढून घ्यावी लागते. थंडी दाराशी आली आहे हे प्रत्येक गृहिणीला कळते. म्हणून धुणे, उसवणे, शिवणे ही कामे याच दिवसांत उरकायची असतात. निफाड-दिंडोरीकडच्या भगिनींना तर तेवढीही उसंत नाही. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की त्या सकाळीच मजुरीला बाहेर पडतात. त्यांची गोधडी रात्री दिव्याखाली पुरी होते.

गोधडी हे फावल्या वेळचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एक शिवून पाहावी. जुनी सुती लुगडी आणि धोतरे धुऊन जमिनीवर अंथरायची, सुरकुती राहू न देता ताणायची, मधे फाटक्या कपड्यांचे थर द्यायचे, वर त्यातल्या त्यात चांगले लुगडे घ्यायचे. मग कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचे. टाका लहान पडला तर गोधडी टिकते, मोठा पडला तर दोन धुण्यांत थर सरकतात. घरचे सारे सांभाळून एका बाईला एका गोधडीला पंधरा-वीस दिवस सहज लागतात. कार्यालयात आम्ही माणसाच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचीही नोंद ठेवतो, पण या दिवसांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. घरातली माणसेही ‘तिने बसल्या बसल्या शिवली’ एवढेच म्हणतात.

लोकरीच्या सुयांचेही तेच. पूर्वी मधल्या सुटीत डबा आटोपला की आम्ही चार-पाच जणी लोकरीचे गुंडे काढायचो. एक सुलट, एक उलट, आणि त्याबरोबर कार्यालयातल्या सगळ्या बातम्या. आता शरणपूर रोडवरच्या तिबेटी मार्केटात स्वेटर तयार मिळतो आणि लोकरीच्या किमतीपेक्षा फार महाग पडत नाही. मी त्याबद्दल गळा काढणार नाही. ज्या बाईला आठ तास नोकरी आणि दोन वेळचा स्वयंपाक आहे तिने स्वेटर विकत घेतला तर बिघडले कुठे?

या सगळ्याचा त्रिरश्मी लेण्यांशी काय संबंध, असे वाचक बंधू-भगिनी विचारतील. संबंध आहे आणि तो दगडात कोरलेला आहे.

मुंबई-आग्रा महामार्गावर, शहराच्या मध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर, पाथर्डी फाट्याजवळ हा डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. लेण्यांतल्या शिलालेखांतच डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आले आहे. एकंदर २४ लेणी. पायथ्याशी बुद्धविहार आहे आणि श्रीलंकेतील अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाचे रोप २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, विजयादशमीला, तेथे लावले गेले. पावसाळ्यानंतर पायऱ्या चढताना दोन्ही अंगांना गवत कमरेएवढे असते आणि वर पोचेपर्यंत पदर घामाने भिजतो. लेण्यात पाऊल टाकले की मात्र एकदम गारवा.

सहल म्हणून येणारे तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जास्त वेळ थांबतात. ते गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचे दान असून नक्षीकाम देखणे आहे. पण माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बाईचे पाय दहाव्या लेण्यात अडकतात. हे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिले. त्याच्या पत्नीने, दक्षमित्रेने, त्यातली एक खोली दिली आणि तिचे नाव त्या खोलीवर आजही आहे. लेखात खोलीला ‘ओवरक’ म्हटले आहे. आपली ओवरी आठवते.

याच लेण्यात उषवदाताचा एक लेख आहे, वर्ष ४२ मधला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा माणूस ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवतो. ठेवतो कोणाकडे? सावकाराकडे नाही, राजाच्या खजिन्यातही नाही. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे! एका विणकर श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि २००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास केलेल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. दोन हजारांवर शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा-बारा, म्हणजे २४०. एका नाण्याचाही फरक नाही. हे सारे नगराच्या सभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवले, असेही लेख सांगतो. म्हणजे नोंदी ठेवणारा कोणी कारकून तेव्हाही होता!

त्याच लेण्यात पुढच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवली, तीही कुंभार, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे. आज हातकाम करणाऱ्याकडे कोणी ठेव ठेवील का? उलट त्यालाच जामीन मागतील.

वर्षावास आणि कापड यांची गाठ मात्र याहूनही जुनी. विनयपिटकातील महावग्गात कथा आहे. तीस भिक्खू तथागतांच्या भेटीला श्रावस्तीकडे निघाले, पण वाटेत पावसाळा लागला आणि त्यांना साकेतात वर्षावास करावा लागला. तो संपताच ते चालू लागले. पाऊस अजून पडतच होता. चिखल तुडवत, भिजलेल्या चीवरांनी ते पोचले. त्यांची ती दशा पाहून तथागतांनी कठिनाची अनुज्ञा दिली. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात संघाला कापड मिळाले की ते त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे. शिवणे भिक्खूंनीच, आणि ज्येष्ठांनीही हात लावायचा. कठिन म्हणजे कापड ताणून बसवायची चौकट. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे ताणणे काय असते ते वेगळे सांगायला नको.

चीवर अखंड कापडाचे नसते. पाच, सात, नऊ असे विषम संख्येचे पट्टे जोडून ते होते. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते दाखवून तथागतांनी आनंदाला तसे चीवर बेतायला सांगितले आणि आनंदाने ते बेतले. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. भिक्खूच्या आठ वस्तूंत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, पाणी गाळायचे फडके आणि एक सुई असते. ज्या सुईला घरोघर ‘बायकांचे काम’ म्हणून हिणवतात ती संघाच्या नियमात आहे.

आता आपल्याकडे काय होते? कठिन चीवरदानाच्या आठवड्यात आम्ही दुकानातून तयार चीवर आणतो, ताटात ठेवतो, फोटो काढतो. तयार चीवर देण्यात दोष काही नाही. पण थायलंडमध्ये काही ठिकाणी गावच्या गाव जमून कापूस कातण्यापासून चीवर शिवण्यापर्यंत सारे एका दिवस-रात्रीत करते, त्याला चुल-कठिन म्हणतात. आणि आमच्या वस्तीत शिवणवर्ग झालेल्या डझनभर मुली घरी बसून आहेत.

त्यातल्या एकीला पिको-फॉलचे यंत्र घ्यायचे आहे. आमच्या बचत गटाचा दर शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे दहा हजारांवर पहिल्याच महिन्याला दोनशे. गोवर्धनच्या विणकरांना याच्या निम्म्याने आणि त्याहूनही कमी दराने भांडवल मिळत होते. कामाच्या साधनासाठी घेतलेल्या कर्जाला शेकडा एक दर लावावा, असा ठराव मी गटापुढे ठेवला आहे. खजिनदार ताईंचे म्हणणे, व्याज घटले तर बुडीत कशातून भरून काढायचे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की साखरपुड्याच्या आणि यंत्राच्या कर्जाला एकच दर लावणे हा हिशेब नव्हे. यंत्र मिळवून देते. शेजारच्या विहारांची चीवरेही दरवर्षी बाहेरूनच येतात. ते काम आपल्या मुलींना मिळाले तर हप्ता बुडणार नाही. आपल्या विहारासाठी शिवले ते दान. दुसऱ्याच्या मागणीवरून शिवले त्याची मजुरी ठरवून घ्यावी, ‘समाजाचे काम’ म्हणून फुकट नको. ठरावावर पुढच्या बैठकीत मतदान आहे.

दरम्यान, यंदाचे एक चीवर विहारातच शिवायचे ठरले आहे. भंतेजींनी पट्टे कसे आखायचे ते दाखवण्याचे मान्य केले आहे. कापड सुतीच घेणार. कात्र्या दोन आहेत, तिसरी लागेल. दोन यंत्रे येतील, पण ज्या वडीलधाऱ्या उपासिकांना हाताने बारीक धावदोरा घालता येतो त्यांनी आपापली सुई घेऊन यावे. चष्मा विसरू नये.