३१ मेच्या आधी

दोस्तांनो, तुमच्या शिक्षकांचा वाढदिवस कधी असतो, हे त्यांना विचारलंय का कधी? जरा वयानं मोठ्या शिक्षकांना विचारून बघा. बऱ्याच जणांचं उत्तर एकच येईल : १ जून! यामागची गंमत अशी, की पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद फारशी कुणी ठेवत नसे. पोर शाळेच्या वयाचं दिसलं, की वडील त्याला शाळेत नेऊन बसवायचे. गुरुजी अंदाजानं जन्माचं साल काढायचे आणि रजिस्टरात तारीख टाकायची १ जून. झाला वाढदिवस!

पण या गमतीचं दुसरं टोक तेवढं गमतीचं नाही. महाराष्ट्रात शाळेतले शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, तेही महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्म १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे १ जूनवाले शिक्षक निवृत्त होणार ३१ मेला. आणि ३१ मेला तुम्ही कुठे असता? मामाच्या गावाला! जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा बाईंच्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं.

आम्ही आठवीत होतो तेव्हा आमच्या गणिताच्या बाईंचं हेच होणार होतं. बातमी आणली शाळेच्या शिपाईमामांनी. बाई भारी कडक. पण त्या जाणार म्हटल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. मग ठरलं, की परीक्षेआधीच निरोप द्यायचा. भेट म्हणून आपल्या सोलापूरची चादर द्यायची. चादरीची दुकानं नवी पेठेत शाळेच्या वाटेवरच होती.

वर्गणी किती? एकजण म्हणाला, “प्रत्येकी वीस.” मागच्या बाकावरून आवाज आला, “वीस कुठनं आणायचे बे?” सगळे हसले. एक मुलगी मात्र हसली नाही. तिची आई घरी विड्या वळायची. तिच्या घरी वीस रुपये म्हणजे काय, हे आम्हां शेजाऱ्यांना ठाऊक होतं. ती खाली मान घालून वहीच्या कोपऱ्याशी खेळत बसली. निरोप सगळ्या वर्गाचा, आणि त्यातून एकजण वर्गणीपायी बाहेर राहणार? हे काही बरं नव्हे.

तोड काढली आमच्या मॉनिटरनं. बुटांच्या रिकाम्या खोक्याला तिनं वरून चीर पाडली. ज्यानं त्यानं घडी घातलेला एक कागद आत टाकायचा. कागदात पैसे ठेवायचे असतील तर ठेवा, नसतील तर नाही. पण बाईंनी आपल्याला काय शिकवलं, ते एका ओळीत लिहायचंच. कुणी किती टाकले ते बघायचं नाही.

खोकं उघडलं. चादरीपुरते पैसे निघाले. दोन्ही बाजूंनी नक्षी असलेली चादर घेतली. एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा! आणि चिठ्ठ्या एका जाड दोऱ्यात ओवल्या.

निरोपाच्या दिवशी बाईंनी चादर मांडीवर ठेवली आणि चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. एका चिठ्ठीपाशी थांबल्या. मग मोठ्यानं वाचली : “उत्तर येईपर्यंत तुम्ही मला फळ्यापासून हलू दिलं नाही. तेव्हा राग आला होता. आता गणितं सुटतात.” खाली नाव नव्हतं. पण ती मुलगी मान वर करून बसली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

शिक्षकांना निरोप कसा द्यावा, याची एक खरी गोष्ट सांगतो. ज्यांच्या जन्मदिवशी, ५ सप्टेंबरला, आपण १९६२ सालापासून शिक्षक दिन साजरा करतो, ते डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९२१ साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून कलकत्त्याला निघाले. विद्यार्थ्यांनी काय करावं? गाडी फुलांनी सजवली, तिचे घोडे सोडले आणि ती स्वतः स्टेशनापर्यंत ओढत नेली! पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाला मिळालेला हा निरोप. त्यात मोलाचं होतं ते पोरांचं बळ आणि माया.

जाताना बाई दारात थांबल्या. म्हणाल्या, “येते हं.” आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत. वर्गातला एक मित्र म्हणाला, “आमच्या घरी कानडीत ‘होगि बर्तीनि’ म्हणतात.” दुसरा म्हणाला, “आमच्या तेलुगूत ‘पोयि वस्तानु’.” दोन्हींचा अर्थ एकच : जाऊन येते. बाई हसल्या. म्हणाल्या, “बघा, तीन भाषा, पण उत्तर एकच आलं!”

दोस्तांनो, यंदा तुमच्या शाळेतून कोण जाणार आहे, ते आत्ताच विचारून ठेवा. ऑफिसातले क्लार्क आणि घंटा देणारे मामाही विसरू नका. भेटवस्तू नसली तरी चालेल. त्यांच्यामुळे तुम्हांला काय येऊ लागलं, तेवढं एका ओळीत लिहा. आणि ते सुट्टी लागायच्या आधी त्यांच्या हातात द्या.