कधी वाजतंय ते सांग

न्यू जर्सीत डेलावेअर नदीला धरून एक रस्ता जातो, २९ क्रमांकाचा. लॅम्बर्टव्हिल मागे पडलं की एका हाताला जुना कालवा, त्यापलीकडे नदी, दुसऱ्या हाताला टेकड्या. हिवाळ्यात झाडं उघडी पडतात आणि पाणी सलग दिसत राहतं. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी तिथेच माझी गाडी किंचाळायला लागली. बाहेर शून्याखाली सहा अंश, वेग ताशी तीसेक मैल. आवाज बारीक आणि उंच. पाटीवर पेन्सिल ओढताना मधेच खडा लागावा, तसा; फक्त न थांबणारा. वेग वाढवला की सूर चढे, चाळिसाच्या पुढे गप्प होई, तिशीत उतरलं की परत सुरू. फ्रेंचटाउन येईपर्यंत गाडी उबदार झाली आणि आवाज नाहीसा झाला. परतताना एकदाही आला नाही.

गाडी १९९२ची मझ्दा एमएक्स-५. लाल, दोनच माणसांची. छप्पर हातानेच मागे ढकलायचं, दिवे बटण दाबलं की पापणी उघडल्यासारखे वर येतात. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली, तेव्हा हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा जमाना जवळपास सरला होता. तो हिरोशिमाच्या या कंपनीने परत आणला, आणि २०१६ साली त्या घराण्यातली दहा लाखावी गाडी तयार झाली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, जपानीत ‘जिन्बा इत्ताई’, हा तिच्या रचनेमागचा विचार. वजन हजार किलोच्या आसपास, त्यामुळे रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा हाताला कळतो. अशा गाडीत नको असलेला आवाज दुसऱ्या गाडीतल्यापेक्षा फार जास्त छळतो. लपायला त्याला जागाच नसते, आणि तरीही तो सापडत नाही.

मी सगळ्यात आधी पट्ट्यांवर संशय घेतला. थंडीत रबर कडक होतं, पुलीवर घसरतं आणि ओरडतं, हे खरंच आहे. त्याची एक जुनी परीक्षा आहे: चालत्या पट्ट्यावर बाटलीतून पाण्याचा फवारा मारायचा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी, उलट वाढला तर पट्टा ढिला. माझ्या गाडीचं इंजिन उभ्याने कितीही फिरवलं तरी आवाज येतच नव्हता, म्हणजे पट्टा तिथेच निर्दोष ठरायला हवा होता. पण संशय एकदा बसला की तो पुराव्याला विचारत नाही. दोन्ही पट्टे बदलले. पुढच्या रविवारी आवाज होता तसाच.

मग ब्रेक. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते; पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम किंचाळते, बदला म्हणून सांगते. चाकं काढून पॅड मोजले, भरपूर शिल्लक होते. डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय का पाहिलं, नव्हता. एका गॅरेजमध्ये पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय असं खात्रीने सांगितलं. ते बदललं, आणि तिसऱ्या रविवारी, नदी तीच, थंडी तीच, आवाज तोच.

एव्हाना मी गाडीत मान वाकडी करून बसायला लागले होते. कधी आवाज पायाशी यायचा, कधी समोरच्या काचेच्या बुडातून, कधी वाटायचं बाहेर बॉनेटखाली आहे. हा कानांचा स्वभाव आहे. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कान असल्यामुळे कळतं, आणि त्यासाठी मेंदू दोन वेगळ्या युक्त्या वापरतो. खर्जातला आवाज एका कानाला किंचित आधी पोहोचतो, तो वेळेचा फरक मोजायचा. तारस्वराला डोकं आड येतं, म्हणून तो पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतो, तो जोराचा फरक मोजायचा. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ साली हे मांडलं. दोन्ही युक्त्यांच्या मधे, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, मेंदूची फसगत सगळ्यात जास्त होते. कानाला बोचण्याचा जो पट्टा, जवळजवळ तोच. जो आवाज सहन होत नाही तोच सापडायला सगळ्यात अवघड, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

चौथ्या रविवारी मी फोनवर आवाज ध्वनिमुद्रित केला आणि अण्णांना पाठवला.

अण्णा कराडच्या एसटी आगारात एकतीस वर्षं मेकॅनिक होते. लहानपणी मी डबा घेऊन जायची तेव्हा ते बहुतेक खड्ड्यात, बसच्या खाली असायचे. लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवलेलं, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही, हा नियम होता. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप १८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेकने कागदाची नळी गुंडाळून केला असं पुढे शाळेत वाचलं, तेव्हा मला तो पेचकसच आठवला होता. ड्रायव्हरने लॉगशीटवर नुसतं ‘गाडी आवाज करते’ असं लिहिलेलं त्यांना चालत नसे. आवाजाला नाव पाहिजे. खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय. घरघर म्हणजे बेअरिंग. टकटक वरून आली तर टॅपेट. करकर म्हणजे पाट्यांना ग्रीस नाही. आणि ‘कुईं’ म्हणजे कोरडं घासतंय. मराठीत आवाजांना एवढे शब्द आहेत, आणि मी ते कॉलेजात नाही, आगारातल्या त्या खड्ड्याच्या काठावर बसून शिकले.

नाव सांगून झालं की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला. “कधी वाजतंय ते सांग. कुठं वाजतंय ते मी सांगतो तुला.”

पण त्या रविवारी त्यांनी हा प्रश्न विचारला नाही. ध्वनिफीत संपेपर्यंत ऐकली आणि म्हणाले, “गाडी बरी चाललीय की. इंजिन झ्याक आहे. आवाज कुठंय?”

“अण्णा, सबंध वेळ तोच तर आहे!”

“परत लाव बघू.” त्यांनी फोन कानाला घट्ट लावला असणार, कारण घासल्याचं मला ऐकू आलं. “न्हाई बा. टायरचा येतोय, तो का?”

आणि मागून आई म्हणाली, “अहो, केवढं किंचाळतंय! कानात सुई घातल्यागत. बंद करा ते.”

मग फोनवर कुणीच काही बोललं नाही.

मला गेल्या तीन-चार वर्षांतलं सगळं एकदम आठवलं. मी बोलत असताना अण्णांचं “हं?” म्हणणं. मी सांगायची एक आणि त्यांचं उत्तर यायचं भलत्याचंच. त्यांचं लक्ष नाही, बातम्या बघत असतील, असं मी धरून चालले होते. एकदा चिडून फोन ठेवलाही होता. एका कोरड्या घासणीच्या मागे मी चार रविवार फिरले, आणि रोज फोनवर येत होतं ते मला ऐकू आलं नव्हतं.

शांतता अण्णांनीच मोडली. “तू ऐक,” ते आईला म्हणाले, “आणि मला सांग.”

पुढचा अर्धा तास मी कधीच विसरणार नाही. आई ऐकत होती, अण्णा विचारत होते. एकसारखं आहे का तुटक? आईने सांगितलं, थरथरतंय, माहेरच्या झोपाळ्याची कडी कुरकुरायची तसं, पण फार बारीक. मग प्रश्न माझ्याकडे वळले. क्लच दाबल्यावर थांबतं? नाही. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी नुसती पळू दिली तर? चालूच राहतं. म्हणजे इंजिन नाही. ब्रेकला पाय टेकवला तर? फरक नाही. वळणावर? नाही. म्हणजे चाकं नाहीत. गार असताना येतं आणि ऊब आली की जातं, ते आतल्या हीटरने का रस्त्याने? एके दिवशी मी हीटर लावला नव्हता, तेव्हा आवाज शेवटपर्यंत होता, हे विचारल्यावर मला आठवलं.

“म्हणजे गाडी पळतीय तेवढंच ते फिरतंय, आणि बसायच्या जागेजवळ आहे,” अण्णा म्हणाले. “स्पीडचा काटा बघितलास का? थरथरतो का त्या वक्ताला?”

मी महिनाभर कान देऊन गाडी चालवली होती. काट्याकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पाहिलं. तीस मैलांवर काटा अठ्ठावीस ते चौतीसच्या मधे, वाऱ्यावरच्या पात्यासारखा हलत होता, आणि त्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर किंचाळी वर-खाली होत होती.

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून वेगमापकापर्यंत एक लवचीक तार जाते, नळीच्या आत. चाकांच्या वेगाने ती स्वतःभोवती फिरते, मैलामागे सुमारे हजार फेरे. आतलं ग्रीस वाळलं की तार फिरता फिरता अडते, तिला पीळ बसतो, ताण साठतो, मग एकदम सुटते, परत अडते. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. सारंगीचा सूर निघतो तो याच कारणाने: गजाला राळ लावतात ती तार धरून ठेवायला, आणि धरणं-सुटणं-धरणं यातून आवाज उभा राहतो. एकाच क्रियेतून सारंगीत कोमल ऋषभ निघतो आणि माझ्या गाडीत अंगावर शहारा आणणारं ते. आणि नळी गिअरबॉक्सपासून इंजिनामागच्या पत्र्यातून थेट डॅशबोर्डापर्यंत गेलेली, म्हणून आवाज पायाशी, काचेशी, बॉनेटखाली सगळीकडे वाटायचा. तो खरंच सगळीकडे होता.

शनिवारी मीटरवरचं झाकण उतरवलं, मीटर पुढे ओढला, मागून नळी सोडवली आणि आतली तार हळूहळू बाहेर ओढली. काळी पडलेली, खरखरीत. तीस वर्षांत कुठलंही ग्रीस वाळणारच. अण्णा व्हिडिओवर होते, करंगळीच्या टोकाने मोबाइलचा पडदा पुसत. “वरच्या बाजूला ग्रीस लावू नको हां. ते चढत जाऊन मीटरात शिरतं. खालचा दोन भाग लाव, वरचा एक भाग कोरडा ठेव.” मग म्हणाले, “आमच्या आज्याच्या बैलगाडीला वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. आक करकरला की गाडी थांबवून आधी ते.”

मीटर उघडा होता म्हणून त्याच्या आतही डोकावून घेतलं. तार तिथे एका चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, काटा त्या वाटीला जोडलेला. चुंबक वाटीला कुठेही टेकत नाही. त्याच्या फिरण्याने धातूत विजेचे भोवरे उठतात आणि त्या ओढीने वाटी वळते. एक केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. जर्मनीच्या ऑटो शुल्झेने १९०२ साली याचं पेटंट घेतलं, आणि पुढे बहुतेक शतकभर जगातले काटे असेच हलले. मी ते अण्णांना दाखवलं. त्यांनी आगारात असले मीटर कितीतरी बदलले होते, पण ते सीलबंद यायचे. उघडून पाहायची परवानगी नव्हती. “न टेकता वळवतंय,” ते म्हणाले आणि परत दाखव म्हणाले.

फेब्रुवारीत भावाने त्यांना तपासणीला नेलं. ऑडिओग्रामचा फोटो आला. आलेखाची रेघ खालच्या सुरांत ठीक चालते, दोन हजारांनंतर वाकते आणि चार हजार हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. मोठ्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसांचे कान आधी इथेच जातात. कानाच्या शंखातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची धार याच वरच्या भागात असते. म्हणून आवाज ऐकू येतो, शब्द येत नाही. डिझेल इंजिनांच्या शेजारी एकतीस वर्षं, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही, कारण बोळा घातला तर गाडी काय सांगतेय ते कळणार कसं? त्यांना श्रवणयंत्र मिळालंय. ते घालतात, बाजारात गेल्यावर काढतात.

मी आता फोनवर हळू बोलते आणि वाक्याचा शेवट खाऊन टाकत नाही. आई शेजारी असतेच.

मार्चच्या पहिल्या रविवारी परत नदीकाठाने गेले. पहाटेची थंडी होती, हीटर मुद्दाम बंद ठेवला. काटा तिसावर स्थिर. फोन बाजूच्या सीटवर ठेवून लॅम्बर्टव्हिलपासून तीन मिनिटं ध्वनिमुद्रण केलं, त्यात मी एकही शब्द बोलले नाही, आणि ते कराडला पाठवून दिलं. नुसतं इंजिन, वारा आणि टायर.

तासाभराने फोन आला. अण्णांनी ते यंत्र न लावता ऐकलं होतं, दोनदा.

“दुसऱ्यातनं तिसऱ्यात टाकताना घाई करतीस,” ते म्हणाले. “वाईच थांब. इंजिनाला खाली येऊ दे.”