आधीचाच संदेश, पुन्हा पुन्हा

तीच तक्रार चौथ्यांदा कानावर आली की आपण पुढचं ऐकत नाही. "कळलं, कळलं" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. युनिक्सच्या संगणकांनाही थोडी अशीच सवय लावलेली आहे.

युनिक्सवर चालणारे प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद लॉग फाइलमध्ये लिहीत असतात. ती गोळा करणारी सिसलॉग ही व्यवस्था एरिक ऑलमन यांनी 1980च्या दशकात बर्कले विद्यापीठात सेंडमेल या ईमेलच्या प्रोग्रॅमबरोबर तयार केली. एखादा प्रोग्रॅम बिघडला की एकच ओळ हजारो वेळा लिहितो. डिस्क भरते आणि कामाची ओळ त्या गर्दीत हरवते. म्हणून बर्कलेच्या सिसलॉगमध्ये लागोपाठ आलेली तीच ओळ पुन्हा लिहीत नाहीत, नुसती मोजतात. वेगळी ओळ आली, किंवा ठरावीक वेळ गेला (आधी 30 सेकंद, मग 120, मग 600), की "आधीचा संदेश इतक्या वेळा आला" एवढीच एक ओळ पडते.

सोय चांगली आहे, पण वाचणाऱ्याने सावध राहायला हवं. एखादा शब्द शोधून ओळी मोजल्या, तर या जुन्या पद्धतीत गुंडाळलेली ओळ सापडतच नाही, कारण तिच्यात तो शब्दच नसतो. उबुंटूवरच्या आरसिसलॉगमध्ये मूळ संदेश कंसात दिसतो, तरी मोजताना ती एकच ओळ धरली जाते. प्रत्येक वेळेची घटिका तर दोन्हीकडे पुसली जाते.

बेळगावातल्या आमच्या पॅरिश ऑफिसात उबुंटूचा एक छोटा सर्व्हर आहे. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं त्यावर ठेवतो. त्याचे लॉग पाहणं ही माझी सेवा. एका आठवड्यात 'पासवर्ड चुकला' अशा 12 ओळी दिसल्या. मदतीला येणारा तरुण म्हणाला, "कुणीतरी आत शिरायला बघतंय, हे खातं बंदच करू या."

ओळी नीट वाचल्या. सहा सकाळी, रोज दोन ओळी: एक साधी, दुसरी 'संदेश 4 वेळा आला' अशी. म्हणजे रोज पाच चुका, एकूण 30. आणि रोज सहाव्या प्रयत्नाला दार उघडलेलं. खातं ऑफिसातल्या मावशींचं, संगणकही ऑफिसातलाच. चोर असा रोज वेळेवर येऊन शेवटी बरोबर किल्ली लावत नाही.

मावशींना विचारलं तेव्हा त्या ओशाळल्या. पासवर्ड लिहिताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. कीबोर्डवरचं एक बटण अडकत होतं, दाबूनही अक्षर उमटत नव्हतं. त्यांना वाटलं, आपलीच बोटं थकली. "आता हे काम दुसऱ्या कुणाला द्या," असं त्या फादरांना सांगणार होत्या. नवा कीबोर्ड आणला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच प्रयत्नाला दार उघडलं.

तेव्हापासून आमचा नियम असा: पासवर्डच्या नोंदी गुंडाळायच्या नाहीत. आरसिसलॉगमध्ये ही सोय बंद करता येते. फाइलमध्ये सगळं राहू द्यायचं आणि गोळाबेरीज वाचताना करायची. ओळींवरची वेळ काढून टाकायची, त्या क्रमाने लावायच्या, मग युनिक या आज्ञेने मोजायच्या. क्रमाने लावणं विसरायचं नाही, कारण ही आज्ञा शेजारशेजारच्या सारख्या ओळीच एकत्र करते.

लूकच्या शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते. तिचं म्हणणं एकच होतं. फेऱ्यांनी कंटाळून का होईना, त्याने शेवटी न्याय दिला. आपण कंटाळा यायची वाट का पाहावी?

घरातलं म्हातारं माणूस तीच गोष्ट परत सांगतं, मूल तोच प्रश्न परत विचारतं. शब्द गुंडाळून ठेवले तरी चालेल, पण आकडा टाकू नका. पाचव्यांदा आलेला संदेश आपल्याला पाठ असतो. तो पाचव्यांदा का आला, हे मात्र अजून विचारायचं राहिलेलं असतं.