मुक्ताईच्या वाटेवर

चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाची ख्याती साऱ्या महाराष्ट्रात आहे. त्याच्या श्रावणाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो अनुभवायचा असेल, तर चिमूर तालुक्यातील डोमा गावाकडे वळावे. धानाच्या बांध्यांतून रोवणी चाललेली असते, बोड्या काठोकाठ भरलेल्या असतात आणि रानात मुक्ताईचा धबधबा कोसळत असतो. माना समाजाचे हे श्रद्धास्थान. तेव्हा तेथे पाहुण्यासारखे जावे, पाहुण्यासारखेच वागावे.

वाट चालताना घाई नको. मे महिन्यात पर्णहीन उभे असलेले साग आता हातभर रुंद पाने पसरून असतात. ऐन, धावडा, मोह, बांबू यांच्या हिरव्या छटा डोळ्यांचा शीण उतरवतात. जपानमध्ये अशा सावकाश वनविहाराला १९८२ साली ‘वनस्नान’ असे नाव देऊन त्याचा पुरस्कार झाला. येथील आयाबायांना मात्र रानात असे रमत फिरणे परवडत नाही. सरपण, मोहफुले, तेंदूपाने यांसाठी त्या रानात जातात, आणि या भागातील वाघांच्या हल्ल्यांत बळी पडतात ती बहुतांशी अशीच माणसे. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगतात.

म्हणून आपणही गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. एकत्र चालावे, बोलत चालावे. मुलांना मागे रेंगाळू देऊ नये, वाटेवर वाकून खेळू देऊ नये. पायांत बंद जोडे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. गवतातील सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो; २०१८ साली विदर्भाने त्याची साथ सोसली आहे. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर ‘आम्ही रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर ओळखला, तर हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

धबधब्याचे तुषार अंगावर घ्यावेत. निसरड्या खडकांवर चढण्याचा मोह टाळावा. येथे समुद्र नाही, परंतु मुलांना एवढे अवश्य दाखवावे की समोर फेसाळणारे हे पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीला आणि तिच्यासवे बंगालच्या उपसागराला मिळणार आहे. आपण मात्र ऊन कलण्याआधीच गावात परतावे. गावकरीही तसेच करतात.